'गूगलसह साइन इन करा': सह, वरून की मार्फत?

ताम्रपट
ॲपच्या पहिल्याच पडद्यावर गूगल, फेसबुक, ॲपल अशी बटणं असतात. मराठीत त्यांवर बहुधा 'गूगलसह साइन इन करा' किंवा 'फेसबुकसह सुरू ठेवा' असं लिहिलेलं दिसतं. हा 'सह' खटकतो. सहकुटुंब, सहकार्य यांत दोघं मिळून काही करतात. इथे गूगल आपल्याबरोबर आत येत नाही. 'सुरू ठेवा' तर आणखी विचित्र, कारण अजून काही सुरूच झालेलं नसतं. दुसरा प्रश्न ऑथेंटिकेशन (माणूस कोण ते तपासणं) आणि ऑथरायझेशन (त्याच्या वतीने काय करू द्यायचं ते ठरवणं) यांचा. प्रमाणीकरण, अधिकृतीकरण हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. नेमके शब्द कोणते?

टोकनवाला
आधी बटणामागे काय घडतं ते पाहू. ॲप तुम्हाला गूगलच्या पानावर पाठवतं. सोबत मुख्यतः चार गोष्टी जातात: ॲपचा क्लायंट आयडी (गूगलकडे नोंदलेली ॲपची ओळख), परतीचा पत्ता, हव्या असलेल्या परवानग्यांची यादी आणि 'स्टेट' नावाचं दर वेळी नवं मूल्य. परत आलेलं उत्तर आपल्याच विनंतीचं आहे ना, हे या मूल्यावरून पडताळतात. पासवर्ड तुम्ही गूगललाच देता, ॲपला तो कधीच दिसत नाही. तुम्ही होकार दिलात की गूगल परतीच्या पत्त्यावर एक कोड धाडतं. तो एकदाच चालतो, आणि ओऑथ २.० या अधिकार देण्याच्या पद्धतीच्या मानकात (आरएफसी ६७४९, ऑक्टोबर २०१२) त्याची मुदत जास्तीत जास्त १० मिनिटं ठेवावी असं म्हटलं आहे. तो कोड देऊन ॲपचा सर्व्हर टोकन, म्हणजे तुमची माहिती मिळवायची डिजिटल किल्ली, घेतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ओऑथ २.० फक्त अधिकार देतं. समोरचा माणूस कोण, हे ते सांगत नाही. ती उणीव २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्टने भरून काढली. त्यात ॲपला वेगळा ओळख-टोकन मिळतो आणि तो कोणत्या ॲपसाठी दिला आहे हेही त्यात नोंदलेलं असतं. ओऑथचा साधा, फक्त अधिकार देणारा ॲक्सेस टोकन ओळखीचा पुरावा मानला, तर तुमच्या नावाचा टोकन दुसऱ्या एखाद्या ॲपने मिळवून इथे पुढे केला तरी दार उघडतं. ही चूक अनेक ॲपांत झाली आहे. म्हणून दोन क्रियांना दोन शब्द हवेतच.

बखर
दोन्ही शब्द कचेरीत तयार आहेत. पहिली क्रिया म्हणजे 'ओळख पटवणं'. बँकेत, कोर्टात, पोलीस पंचनाम्यात हाच शब्द चालतो. त्याऐवजी प्रमाणीकरण कशाला? दुसरी क्रिया म्हणजे मुखत्यारपत्र. त्यात देणारा असतो, घेणारा असतो, कोणत्या कामांचा अधिकार दिला त्याची व्याप्ती असते, आणि ते रद्दही करता येतं. कुलमुखत्यारपत्र आणि विशेष मुखत्यारपत्र हा फरकही इथे लागू पडतो. 'ईमेल वाचा' आणि 'संपूर्ण ड्राइव्हवर बदल करा' या दोन परवानग्यांत तेवढंच अंतर आहे. पडद्यावर मुखत्यार लिहा असं म्हणत नाही. तिथे 'परवानगी' पुरे. पण स्कोपला, म्हणजे ॲप मागतं त्या परवानग्यांच्या यादीला, 'परवानगीची व्याप्ती' म्हणा, 'कार्यक्षेत्र' नको.

बटणासाठी माझं मत 'मार्फत'ला. 'गूगलमार्फत प्रवेश'. या शब्दाचा अरबी मूळ अर्थच ओळख, जाणणं असा आहे, आणि पत्त्यात 'मार्फत अमुक' लिहितो तेव्हा मधला माणूस आपल्याला ओळखतो हेच सांगतो.

ताम्रपट
बोलताना तर सगळे 'गूगलने लॉगिन कर' म्हणतात. तोच ठेवायला काय हरकत?

बखर
आज्ञार्थात हरकत नाही. पण सुरक्षिततेच्या नोंदींत भूतकाळ येतो: 'काल रात्री फेसबुकने लॉगिन केले.' 'ने' कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही, त्यामुळे फेसबुकच खात्यात शिरलं असा अर्थ निघतो आणि माणूस घाबरतो. 'फेसबुकवरून' घेतलं तर तिथली एखादी लिंक दाबून आलो असं वाटतं. 'फेसबुकमार्फत लॉगिन झाले' यात गोंधळ उरत नाही.

रेघोट्या
'मित्र' शब्दाकडेही पाहा, सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं आहे. फेसबुकने मे २००७ मध्ये बाहेरच्या ॲपांना आपलं व्यासपीठ खुलं केलं. पुढे बरीच वर्षं एकाने होकार दिला की त्याच्या मित्रांची माहितीही ॲपला मिळे. मित्रांना कुणी विचारत नसे. मुखत्यारपत्र स्वतःच्या कामापुरतंच देता येतं, शेजाऱ्याच्या जमिनीचं नाही; इथे नेमकं शेजाऱ्याचंच दिलं जात होतं. एप्रिल २०१४ मध्ये हे थांबवणारी व्यासपीठाची नवी आवृत्ती आली आणि ३० एप्रिल २०१५ रोजी जुनी बंद झाली. तोवर एका प्रश्नावलीच्या ॲपने गोळा केलेली माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे पोचली होती. २०१८ मध्ये फेसबुकने स्वतः सांगितलेला आकडा होता ८ कोटी ७० लाख लोकांपर्यंत.

आता ॲपने मित्रांच्या यादीची परवानगी मागितली, तर स्वतः त्याच ॲपला तशी परवानगी दिलेलेच मित्र यादीत येतात. म्हणून 'तुमची मित्रयादी' हे भाषांतर आज चुकीचं आहे. 'हे ॲप वापरणारे तुमचे मित्र' असं लिहा. शब्द वाढतात, पण वाचणाऱ्याला आपण काय देतोय ते कळतं.

तसंच 'काढून टाका' हा एकच शब्द तीन कामांना वापरू नका. ॲप फोनमधून काढलं तरी दिलेली परवानगी तशीच राहते. फेसबुकच्या सेटिंगमधून परवानगी काढून घेतली तरी ॲपने आधी साठवलेली माहिती त्याच्या सर्व्हरवर असते. तीन कामं, तीन शब्द: ॲप काढा, परवानगी मागे घ्या, खातं व माहिती पुसा.

टोकनवाला
चुकीच्या संदेशांचंही तेच आहे. 'अवैध वापरकर्ता' वाचून कुणाला काय करायचं ते कळत नाही. खरी कारणं ठरावीक आहेत. फेसबुक खातं फक्त मोबाइल नंबरवर उघडलेलं असेल तर ईमेल येतच नाही. ॲपलमध्ये 'माझा ईमेल लपवा' निवडलं तर खऱ्याऐवजी दुसराच पत्ता जातो, आणि नाव फक्त पहिल्या वेळी मिळतं. ते तेव्हाच साठवलं नाही तर गेलं. ईमेल जुळवून खाती शोधणाऱ्या ॲपांत त्यामुळे एकाच माणसाची दोन खाती होतात. खातं जोडायला ईमेल नको, सेवेने दिलेला कायमचा क्रमांक वापरावा. संदेश असा असावा: 'या फेसबुक खात्यातून ईमेल मिळाला नाही. ईमेल टाका, म्हणजे जुनं खातं असल्यास जोडता येईल.'

ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये गूगलचं पान उघडलं तर गूगल ते अडवतं, कारण तिथे ॲपला पासवर्ड टिपता येतो. तेव्हा 'काहीतरी चुकलं' लिहू नका. 'हे पान क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडा' असं लिहा.

ताम्रपट
'मार्फत' पटलं. पण बटणाच्या मजकुराला गूगल आणि ॲपल दोघांचेही नियम आहेत ना?

टोकनवाला
आहेत. गूगलचं तयार बटण वापरलं तर त्यावरचे शब्द गूगलच भाषेनुसार भरतं, तिथे 'सह' आलं तर ते तुमच्या हातात नाही. बटणाखालची ओळ मात्र पूर्णपणे तुमची. तिथे लिहा: 'गूगलमार्फत तुमची ओळख पटवली जाईल. आम्हाला फक्त तुमचं नाव, फोटो आणि ईमेल मिळेल.' आणि परवानग्यांची यादी वाढवलीत तर ही ओळही त्याच दिवशी बदला.