मांजरेच्या दरडीत दगडाचा दात सापडलाय, कुणी जाणकार सांगेल का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठाला आमची साडेचार एकर जमीन आहे. यंदा पावसानं उशिरापर्यंत झोडपलं आणि आमच्या मोटारीजवळची दरड सहा-सात फूट ढासळली. पाइप कुठं गेला ते बघायला खाली उतरलो, तर खडे एकमेकाला चिकटून दगडासारखा झालेला थर असतो बघा, त्यात हे अडकलेलं दिसलं. आधी वाटलं कुणाच्या तरी जात्याचा तुकडा. किराणा दुकानातल्या काट्यावर पावणेतीन किलो भरलं. वरून काळपट, तुटलेल्या बाजूला पांढुरकं. वरच्या अंगाला आडव्या कडा, एकापुढं एक, नुकतीच टाकी लावून आणलेल्या जात्यासारख्या खरखरीत.

घरात तीन मतं. माय म्हणती, "बकासुराची दाढ हाय, देवापाशी ठिव." ठेवायची वाट न बघता तिनं कुंकूही लावलं. शेजारचे अण्णा म्हणतात डायनासोर, कारण त्यांच्या नातवानं मोबाइलवर बघितलंय. मला हत्ती वाटतो, पण बोललो की सगळे हसतात. २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तिथं हत्ती काय पिऊन जगत होता?

पोरगं नववीला आहे. त्यानं विचारलं, "पप्पा, एका दातावरून उत्क्रांती कशी काय कळती?" मी म्हणलं थांब, विचारून सांगतो. ते थांबलंय, म्हणून इथं आलो.

अजून एक. विहीर खोल करताना निघालेल्या एका दगडावर मोरपंखीच्या झाडासारखी काळी नक्षी आहे. ते पण जुनं झाड असंल का?

गडी_एकटाच

दादा, गावात बोंब करू नका. असल्या वस्तूला शहरात लाखानं पैसे मिळतात म्हणे. फोटो खासगीत पाठवा.

खडूफळा

वरच्या सल्ल्याकडं अजिबात लक्ष देऊ नका. मी अंबाजोगाईचा, एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता निवृत्त. तुमच्यासारखंच एक हाड फार पूर्वी माझ्या एका विद्यार्थ्यानं आणलं होतं. सुट्टीत कुणीतरी कपाट साफ करताना ते कचऱ्यात टाकलं. अजून जीव हळहळतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी सोपं उरकू. मोरपंखीची नक्षी म्हणजे झाड नव्हे. दगडाच्या भेगेत मँगेनीजचं पाणी झिरपलं की ते असं फांद्या फुटल्यागत वाळतं. आपल्या काळ्या खडकात हे पुष्कळ सापडतं. दिसायला सुंदर आहे, काचेच्या कपाटात ठेवा.

डायनासोरही नाही. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. डायनासोर संपले तेही त्याच सुमाराला. तुमचा दात खडकात नव्हता, खडकाच्या वर नदीनं आणून टाकलेल्या गाळात होता, आणि तो गाळ फार अलीकडचा. लाखांत किंवा हजारांत मोजायचा, कोटीत नाही.

तुमचं म्हणणंच बरोबर दिसतंय. मांजरा आणि गोदावरीच्या जुन्या गाळात हत्तीचे, रानबैलांचे, एवढंच काय पाणघोड्याचेही अवशेष मिळालेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी मांजरा खोऱ्यात हे काम १९८० च्या दशकापासून केलंय. इथल्या जुन्या हत्तीला पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस म्हणतात. नामाडिकस म्हणजे नर्मदेचा. खांद्यापाशी चार मीटरच्या वर जाणारा प्राणी, आजचा आपल्याकडचा नर साधारण पावणेतीन मीटर. आणि पाणघोडा दिवसभर पाण्यात पडून राहणारा. ज्या नदीत तो डुंबायचा ती बारमाही असणारच. रेल्वेच्या टाक्यांकडं बघत ज्यांनी तो उन्हाळा काढला त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता पोराचा प्रश्न. तुम्ही जात्याचं नाव घेतलं ते अगदी नेमकं. हत्तीची दाढ हे जातंच आहे, फक्त त्याला टाकी लावायला कुणी यावं लागत नाही. दाढेत तीन पदार्थांचे थर असतात: दंतवल्क, म्हणजे एनॅमल, सगळ्यात कडक, दुसरे दोन मऊ. चावताना मऊ थर लवकर झिजतात, कडक मागं उरतो, त्याच्या कडा वर राहतात. जसजसं झिजेल तसतशी दाढ नव्यानं खरखरीत होते. आपल्या दाढा खालून वर येतात, हत्तीच्या मागून पुढं सरकतात. जबड्याच्या एकेका बाजूला जन्मभरात सहा. पुढची झिजून तुकड्यातुकड्यानं पडते, मागची पुढं येते. सहावी झिजली की म्हातारा हत्ती चारा समोर असून उपाशी मरतो.

हत्तीचा एक चुलत भाऊ होता, स्टेगोडॉन, तोही आपल्या देशात नांदला. त्याच्या दाढेवर कडा कमी, बुटक्या, घराच्या उतरत्या पाख्यासारख्या. तो पाला खाणारा. खऱ्या हत्तीच्या दाढेत पातळ पट्ट्या दाटीनं बसवलेल्या, दाढही उंच, कारण गवत. गवतात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, वर मातीची धूळ, दात लवकर झिजतो. म्हणून तुमच्या तुकड्यावर किती पट्ट्या आहेत ते मोजून सांगा.

तो काय खायचा हे आकारावरूनच ठरवायचं असंही नाही. ज्वारी, मका, ऊस ही एका गटातली झाडं, कार्बन घ्यायची त्यांची रीत वेगळी. उष्ण प्रदेशातलं बहुतेक गवत त्याच गटातलं. गहू, तूर आणि झाडपाला दुसऱ्या गटात. खाल्लेल्या अन्नाचा कार्बन एनॅमलमध्ये जाऊन बसतो आणि लाखो वर्षं तिथंच राहतो. म्हणजे दात तपासला की कळतं, हा भाकरीच्या घरचा का पोळीच्या.

हेच आफ्रिकेतल्या जुन्या हत्तींवर करून बघितलं, त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये आला आणि मी तो शाळेत शिकवू शकलो नाही याची रुखरुख आहे. हत्ती सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी गवताकडं वळले, पण दाढा खऱ्या अर्थानं उंच व्हायला त्यानंतर तीसेक लाख वर्षं गेली. सवय आधी बदलली, दात मागाहून. पोराला हे सांगा. दाढ उंच करायची असं कुण्या हत्तीनं ठरवलं नव्हतं. गवत खाताना ज्यांची दाढ जरा उंच ती जास्त दिवस टिकली, त्यांची पिलं जास्त झाली, एवढंच.

वरोऱ्याहून

गवताचा विषय निघाला म्हणून. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आहे, तिथं डायनासोरच्या शेणाचे दगड सापडतात. त्यात गवताचे सिलिकाचे कण निघाले, २००५ सालची गोष्ट. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं मानायचे. आमच्याकडं शेणसुद्धा कामाचं निघतं.

सरळ_विचारतो

मास्तर, राग मानू नका. दाढ उंच झाली म्हणता, पण हत्ती हत्तीच राहिला की. एका प्राण्याचा दुसरा प्राणी झालेला कुठं दिसतो?

तिसरं_वर्ष_प्राणिशास्त्र

सर, मी सांगू का? मी संभाजीनगरला शिकते. तुमच्या पाणघोड्यापासूनच सुरू करते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक पाणघोडा आहे. आम्हाला वर्गात हे सांगितलं तेव्हा मागचा बाक हसला होता.

जम्मू-काश्मीरच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटचे दगड ए. रंगा राव नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी जमवून घरी ठेवले होते. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं ते थेविसेन या शास्त्रज्ञांना दिले. दगड साफ करताना मदतनिसाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्या हाडाची एक कड जाडजूड, जशी फक्त देवमाशाच्या कानात असते. प्राणी मात्र मांजराएवढा, चार पायांचा, खुरांचा! इंडोह्यूस त्याचं नाव, काळ सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. पायाची हाडंही जाड आणि जड, पाण्यात चालताना तरंगू नये म्हणून पाणघोड्याची असतात तशी. हे २००७ मध्ये जाहीर झालं. तो देवमाशाचा आजोबा नव्हे, आजोबाचा चुलतभाऊ म्हणा. पुढच्या पायऱ्या, पाय आखूड होत गेलेले जुने देवमासे, पाकिस्तानात आणि आपल्या कच्छमध्ये सापडतात.

सरळ_विचारतो

कानाचं हाड फुटलं म्हणून कळलं, हे आवडलं. बाकीचं पचायला वेळ लागंल.

खडूफळा

पोरी, छान सांगितलंस. मांजराकाठ, एक राहिलंच. तो दात उन्हात वाळवू नका, तडकतो. चुना निघावा म्हणून तेजाबही लावू नका. सापडला त्या जागेचा फोटो घ्या, शेजारी खोऱ्याचा दांडा उभा धरा म्हणजे माप कळतं. कुठल्या थरात होता हे माहीत नसेल तर दाताची अर्धी गोष्ट गेली. मग लातूरच्या एखाद्या कॉलेजात भूगोलाच्या किंवा भूगर्भशास्त्राच्या सरांना गाठा.

मांजराकाठ

गुरुजी, पट्ट्या नऊ. मागची बाजू तुटलेली आहे, तिथं अजून असणार. पोरानं वहीत चित्र काढून प्रत्येक पट्टीला नंबर टाकलाय. फोटोही काढला, पण थर पुन्हा निम्मा ढासळलाय. दात जिथं होता तिथला एक चिकटलेल्या खड्यांचा तुकडा आणून बाजूला ठेवलाय.

अडचण मायची आहे. गव्हाच्या कोठीमागं सावलीला ठेवतो म्हणलं तर म्हणती देवाच्या वस्तूला असं ठेवत नसतेत. शेवटी देवघरातच ठेवलाय, तिथं ऊन येत नाही. कुंकू मात्र रोज लावती. गुरुजी, कुंकवानं एनॅमलला काही होतं का तेवढं सांगा. रविवारी पोरगं आणि मी लातूरला जातोय.