मदत हवी आहे: घरी केलेला हेडफोन स्टँड सारखा तोंडावर पडतोय

खिडकीपाशी:
मंडळी, जरा डोकं चालवा माझ्यासाठी. घरून काम करते, दिवसाचे सात-आठ तास डोक्यावर हेडफोन असतो आणि उरलेला वेळ तो ठेवायचा कुठे हा प्रश्न. आधी खुर्चीच्या पाठीला अडकवायचे, खुर्ची फिरवली की खाली. मग खिडकीच्या ग्रिलमध्ये एक मोठा खिळा वाकवून अडकवला आणि त्यावर महिनाभर लटकवला. काल सहज हात फिरवला तर डोक्यावरच्या गादीला बरोब्बर खिळ्याएवढी खाच, आणि तिथूनच वरचं रेक्झिन सुटायला लागलंय. काळे पापुद्रे केसात अडकतात, आई विचारते हा काळा कोंडा कधीपासून.

विकतचे स्टँड मिळतात हो, पण एका दांड्याला पाचशे रुपये द्यायचे जिवावर येतं, आणि खरं सांगायचं तर आता इरेला पेटलेय.

तर आत्तापर्यंत तीन प्रयोग झाले. पहिला, तारेचा हँगर पक्कडीने वाकवून. दिसायला झकास, पण हेडफोन ठेवला की स्प्रिंगसारखा मान डोलावतो. दुसरा, साडीच्या दुकानातून आणलेली पुठ्ठ्याची जाड नळी, खाली मिठाईचा खोका, मधे भरपूर फेविकॉल. हा आठ दिवस टिकला. पण आमच्या डोंबिवलीत पावसाळ्यात पापडसुद्धा पाच मिनिटांत मऊ पडतो, पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात. तिसरा सध्या टेबलावर आडवा पडलाय. अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप, साधारण २७ सेंमी उभा, वर एल्बो (काटकोनी जोड) लावून १० सेंमीचा हात पुढे काढलाय, खाली टी (टी-आकाराचा जोड) आणि तिच्या दोन्ही बाजूंना १२-१२ सेंमीचे पाय, टोकांना कॅप. रिकामा असताना पण कसाबसाच उभा, हेडफोन अडकवला की सरळ तोंडावर.

घर भाड्याचं आहे, भिंतीला ड्रिल मारता येणार नाही, त्यामुळे कृपया हुक सुचवू नका. घरात आहे ते: हॅक्सॉ ब्लेड, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, एम-सील, आणि बाबांचा "मी करून देतो" हा शब्द, जो गणपतीपासून चालू आहे.

कडीपत्ता:
तांब्या उलटा घाल. खाली उंच डबा, डब्यावर उलटा तांब्या, त्यावर हेडफोन. खर्च शून्य. मी दोन वर्षं हेच करतोय.

खिडकीपाशी:
@कडीपत्ता हाहा, केलं होतं, पण बुडावरून घसरतो तो. आणि आमचा तांब्या देवाला लागतो रोज.

सुतारपक्षी:
ताई, तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. पाय डावीकडे-उजवीकडे काढलेत आणि वजन लटकतंय पुढे. हेडफोन धरा अडीचशे-तीनशे ग्रॅम, तो उभ्या दांड्यापासून सात-आठ सेंमी पुढे, आणि त्याच्या खाली आधार म्हणून काहीच नाही. पडणारच. पाय अजून लांब केले तरी त्याच रेषेत असतील तर काही उपयोग नाही. तळ हेडफोनच्या खाली यायला हवा, म्हणजे दांडा तळाच्या मागच्या कडेला आणि हात तळाच्या मधोमध.

१८ एमएमच्या प्लायचा २० बाय १८ सेंमी तुकडा कुठल्याही फर्निचरवाल्याकडे कचऱ्यात सापडेल, मागितला तर देतात. तुमची टी आहे तशीच ठेवा, तिचे दोन्ही पाय मागच्या कडेला पाईपच्या क्लॅम्पने प्लायवर स्क्रूने कसा. फेविकॉल पीव्हीसीला धरत नाही, त्यात वेळ घालवू नका. आणि पुढच्या भागावर वजन ठेवा. ओट्याचा उरलेला कडप्पा असेल तर बेस्ट. २० बाय १५ सेंमी आणि २ सेंमी जाड तुकडा दीड किलोच्या वर भरतो, मग हलणारच नाही.

नाखवा७७:
पाईपात वाळू भरा की. वजन पण येईल.

सुतारपक्षी:
@नाखवा७७ अर्ध्या इंची पाईपात मावते किती? आणि जी मावेल ती उभ्या दांड्यात, म्हणजे वजन वरपर्यंत गेलं. वजन खालीच पाहिजे.

नाखवा७७:
बरं मग एल्बोच्या ऐवजी पाईप गॅसवर धरून मस्त गोल वाकवा, दिसायला पण भारी.

घरचाउद्योग:
नाखवा, प्लीज असले सल्ले नका देऊ. पीव्हीसीला ज्योत लागली की जो धूर येतो तो आम्लाचा असतो, नाकाडोळ्यांची आग होते, बंद स्वयंपाकघरात तर नकोच. वाकवायचाच असेल तर जुन्या कढईत वाळू तापवायची, पाईपाचं एक टोक बंद करून ती आत भरायची, पाईप मऊ झाला की हातमोजे घालून हळू वाकवायचा. वाळू आत असल्यामुळे पाईप चेपत नाही. पण इथे एल्बोने काम होतंय, कशाला उठाठेव.

@खिडकीपाशी मला तुमच्या खाचेचं वाईट वाटलं. पडण्यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे, कारण अर्ध्या इंची पाईपावर ठेवला तरी तेच होणार, फक्त जरा सावकाश. अख्खं वजन एका बारीक रेघेवर येतं आणि फोम तिथेच दबून बसतो. वरचा भाग रुंद आणि गोल पाहिजे. प्लंबरकडे ड्रेनेजच्या पाईपाचे तुकडे पडलेले असतात, ७५ किंवा ११० एमएमचे. ११० मिळाला तर उत्तम, डोक्याच्या गोलाईच्या जवळ जातो. ५ सेंमी लांबीचं कडं कापा, ते उभं चिरून अर्धं करा, झालं खोगीर. ते स्टँडच्या पुढे आलेल्या हातावर पालथं ठेवून वरून दोन स्क्रू. एकच मारलात तर गोल फिरत बसेल. कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर रेक्झिन कापतील. वर जुन्या सुती मोज्याचा तुकडा चढवा. स्पंज-रेक्झिन नको, आपल्या दमट हवेत रेक्झिनला रेक्झिन चिकटतं.

कडीपत्ता:
खोगीर 😄 तरी तांब्या सोपा होता.

खिडकीपाशी:
झाला!! रविवारची सकाळ गेली पण झाला. प्लंबरने ११० चा तुकडा फुकट दिला, वर विचारलं की कुठे लीकेज आहे का, हेडफोनसाठी म्हटल्यावर दोन मिनिटं नुसतं बघत राहिला. कडप्पा शेजारच्या काकूंच्या गॅलरीत कुंडीखाली होता, त्या बदल्यात कुंडीखाली ठेवायला जुनं ताट द्यावं लागलं. एम-सीलचे दोन गोळे मळून कडप्पा प्लायवर बसवला, गुळगुळीत बाजूला धरेना म्हणून उलटा करून खडबडीत बाजू खाली घेतली, वर चकचकीत आल्यामुळे दिसतोय पण छान. प्लायखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे. आता मुद्दाम धक्का दिला तरी पडत नाही. मोजा बाबांचा आहे, राखाडी, ते अजून दुसरा शोधतायत.

एकच राहिलं. एल्बो हलत होती म्हणून तिला सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाईप चिकटवायचं ते) लावलं आणि आता वास येतोय त्याचा, हेडफोन लगेच अडकवू का?

सुतारपक्षी:
नको. दोन दिवस गॅलरीत राहू दे, वास पूर्ण गेला की मगच. त्यातला सॉल्व्हंट फोमला आणि रेक्झिनला चांगला नाही, तुमचं आधीच सुटलंय. आणि सिमेंटची डबी घट्ट बंद करा, उघडी राहिली की आतच दगड होतो.

खिडकीपाशी:
ओके काका. दोन दिवस तांब्या.