व्यायाम आणि पूरक आहार : तुम्हाला काय लागू पडलं, कुठे चुकलं?

मैत्रिणींनो, व्यायामाच्या जोडीला काहीतरी 'नैसर्गिक' घेणाऱ्या आपण बऱ्याच जणी आहोत. काय घेतलं, कधी घेतलं, फरक पडला का, हे मोकळेपणाने लिहा. फसलेले प्रयोग तर नक्कीच लिहा. सुरुवात मी करते.

तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मला कठडा धरून थांबावं लागायचं. वाटलं, स्टॅमिना गेलाय, म्हणून पळायला लागले. दोन आठवड्यांत आणखीच गळून गेले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. मुळाशी पाळीतला जास्तीचा रक्तस्राव होता, त्यावर वेगळे उपचार झाले. बीट, खजूर, पालेभाज्या मी आधीपासून खात होते, पण जेवण झालं की लगेच चहा! वनस्पतींमधलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात चहा-कॉफीने ते आणखी अडतं. क जीवनसत्त्वाने उलट मदत होते. मग लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा दीड तासाने. पळणं बंद, नुसतं चालणं. तीन महिन्यांत ११.८ झालं. पुढे १२ ओलांडल्यावरही गोळ्या थांबवल्या नाहीत, कारण फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, भरायचा होता. इथे बऱ्याच जणी घाईने गोळ्या सोडतात, ते करू नका.

*

वय ५३, पाळी थांबून तीन वर्षं झाली. रोज तासभर चालते, त्यामुळे हाडांची काळजीच नव्हती. डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, कमरेचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.१ आला. उणे २.५ ला ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) सुरू होतो, म्हणजे मी उंबरठ्यावरच. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, हे तेव्हा कळलं. नुसतं चालणं पुरत नाही असं सांगून फिजिओथेरपिस्टबाईंनी आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. पहिल्या दिवशी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं होतं. सहाव्यांदा मांड्या थरथरायला लागल्या आणि मला रडू आलं.

कॅल्शियमच्या दोन्ही गोळ्या मी सकाळी एकदम घ्यायचे. एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच ते नीट शोषलं जातं, म्हणून आता एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या. दीड वर्षाने स्कोअर तेवढाच आहे. घसरला नाही, यातच मी समाधानी आहे.

*

वरच्या ताईंनी कॅल्शियमचं लिहिलंय म्हणून सांगते. थायरॉईडची गोळी चालू असेल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवा. मी अर्ध्या तासात घेत होते, त्यामुळे गोळी नीट शोषली जात नव्हती आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा आकडा) चढतच गेला. डोस वाढवायचं ठरत होतं, तेवढ्यात डॉक्टरांनी 'आणखी काय काय घेता?' असं विचारलं. फक्त वेळ बदलली, डोस तोच राहिला.

*

बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) घेणाऱ्यांनीही लक्ष द्या. केसांसाठी म्हणून मी मोठ्या डोसचं घेत होते. थायरॉईडचा रिपोर्ट असा आला की ग्रंथी जास्त काम करतेय. मला काहीच त्रास नव्हता. बायोटिनमुळे काही चाचण्यांचे आकडेच चुकतात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते काही दिवस बंद करून पुन्हा तपासलं, सगळं व्यवस्थित निघालं.

*

मी २४ वर्षांची, अर्धमॅरेथॉनची तयारी करत होते. नाश्त्याऐवजी पाण्यातून हिरवी पावडर घ्यायचे, कारण त्यात 'सगळं' असतं असं वाचलं होतं. वजन उतरलं, वेळ सुधारली, पाळी बंद झाली. सगळ्या कौतुक करत होत्या, मलाही सुटल्यासारखं वाटलं. पाचव्या महिन्यात नडगी दुखायला लागली. बोट ठेवलं की नेमक्या एकाच ठिकाणी कळ यायची. स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे वारंवार ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर.

डॉक्टरांनी कुठलंच सप्लिमेंट लिहून दिलं नाही, आधी जेवणाची वही मागितली. पळण्यात जेवढी ऊर्जा जात होती तेवढी पोटात जात नव्हती. अशा वेळी शरीर पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि त्याची झळ हाडांना लागते. त्या पावडरीत ऊर्जा जवळजवळ नव्हतीच. तीन पूर्ण जेवणं, पळण्याआधी खाणं, पळून आल्यावरही खाणं. सात महिन्यांनी पाळी आली. धाकट्या बहिणींनो, व्यायाम करताना पाळी गेली तर ती फिटनेसची खूण समजू नका, लगेच दाखवा.

*

मी शाकाहारी, बी-१२ साठी दोन वर्षं स्पिरुलिना (एक निळं-हिरवं शेवाळ) घेत होते. योगवर्गात एका पायावर उभं राहताना तोल जायचा, तळव्यांना मुंग्या यायच्या. वय झालं असं समजून मी आसनच सोडून दिलं. स्पिरुलिनामधलं बी-१२ बहुतांशी माणसाच्या शरीराला वापरताच येत नाही, हे तपासणीनंतर समजलं. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या. आता भिंतीला हात न लावता तीस आकडे मोजेपर्यंत उभी राहते. डाव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र तसाच आहे, फार उशिरा गेले मी.