मदत हवी आहे : गॅस्ट्रिक बायपासनंतर वजन उतरलं, पण यांनी सगळ्याच गोळ्या बंद केल्यात (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचते. आज लिहायची वेळ आली आहे. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार.

आमचं मार्केट यार्डात गुळाचं अडत दुकान आहे. यांचं वय ५४, उंची पाच फूट सात इंच. मागच्या ऑगस्टमध्ये पुण्यात यांची गॅस्ट्रिक बायपास झाली, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोट लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ती शस्त्रक्रिया. तेव्हा वजन १२८ किलो होतं. नऊ वर्षांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल होतंच, शिवाय रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा म्हणून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपायचे. आज सात महिन्यांनी वजन ९१ आहे. रंकाळ्याची अख्खी फेरी न थांबता मारतात. हे पाहून मला किती बरं वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही.

अडचण गोळ्यांची आहे. आधी शुगरसाठी मेटफॉर्मिन एसआर, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन, टेलमिसार्टनसोबत पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी एकत्र असलेली बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन असं सगळं चालू होतं. डिस्चार्जच्या वेळी ग्लिमेपिराइड आणि डापा काढून टाकली. बीपीसाठी नुसती टेलमिसार्टन ४० ठेवली, मेटफॉर्मिन साधी ५०० ची दोन वेळा दिली, कोलेस्टेरॉलची तशीच ठेवली. बरोबर मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, लोह, बी १२ आणि डी होतंच. पहिले तीन-चार महिने सगळं नीट चाललं. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.२ वरून ५.९ वर आलं.

जानेवारीत नवी पाकिटं आणायची राहिली. यांना कपाटात जुनी बीपीची पट्टी सापडली, तीच पाण्याच्या गोळीसकट असलेली. "टेलमिसार्टनच हाय की," म्हणून ती सुरू केली. चौथ्या दिवशी सौदे चालू असताना उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गुळाच्या रव्यांच्या थप्पीला टेकून खाली बसले. हमालांनी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. जवळच्या दवाखान्यात बीपी ९६/६० भरलं. तिथून घरी आले ते ठरवूनच, "गोळ्यांनीच चक्कर आली, आता एकबी गोळी नको. ऑपरेशन कशाला केलंय मग?"

त्या दिवसापासून सगळं बंद. बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची आणि त्याच झटक्यात व्हिटॅमिनचीसुद्धा. मशीन कपाटावर गेलं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "वा, गोळ्या सुटल्या की!" आणि हे खूश होतात. मी काही बोलले की मी भित्री ठरते.

आता घरच्या मशीनवर सकाळचं बीपी १४२/८८, १३८/९० असं येतंय. उपाशी शुगर ११२ ते ११८. घोरणं पुष्कळ कमी झालंय, पण पहाटे अजून मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. आणि गेल्या पंधरा दिवसांपासून तळपायाला मुंग्या येतात म्हणतात. यांचे वडील ५८ व्या वर्षी हृदयविकाराने गेले, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

पुण्याला फोन केला तर म्हणाले, बीपी-शुगरचं तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, बायपासच्या पेशंटचं सर्जनच सांगतील. विचारायचं कुणाला? ज्यांच्या घरी ही शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांच्या गोळ्या कुठल्या क्रमाने आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद झाल्या? आणि एक, मेटफॉर्मिन संपली तेव्हा दुकानदाराने एसआर दिली होती, "एकच आहे" म्हणून. ती शौचात अख्खी पडलेली दिसली होती. म्हणजे ती लागूच होत नव्हती का?

इचलकरंजीकर :
वहिनी, माझी स्लीव्ह (वजनासाठी पोटाचा भाग कापून काढतात ती शस्त्रक्रिया) होऊन सहा वर्षं झाली. माझ्याही शुगरच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात सुटल्या, घरात पेढे वाटले. चौथ्या वर्षी वजन अकरा किलो परत चढलं आणि शुगर १९० निघाली. मधली दोन वर्षं मी तपासणीच केली नव्हती, कारण मी स्वतःला बरा झालेला समजत होतो. दादांना एवढंच सांगा की गोळी सुटली तरी तपासणी सुटत नाही. आणि व्हिटॅमिन आजच्या आज सुरू करा, त्यावर वाद नको. बायपासमध्ये आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळलेला असतो, लोह आणि कॅल्शियम तिथेच जास्त शोषलं जातं. ही पोकळी औषधानेच भरायची असते, जन्मभर.

औषधवाला :
ताई, माझं कोल्हापुरातच मेडिकल आहे. एसआर म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी. तिचं रिकामं टरफल काही वेळा धडधाकट माणसाच्याही शौचात दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरून औषध लागू झालं नाही असं म्हणता येत नाही. पण बायपासनंतर वाट छोटी झालेली असते, म्हणून अशा गोळ्या शक्यतो टाळतात आणि साधी देतात. चिठ्ठीवर 'बायपास झाली आहे, एसआर नको' असं डॉक्टरांकडून ठळक लिहून घ्या आणि दुकानात दरवेळी तोंडानेही सांगा. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन हातावर ठेवलं तर घेऊ नका, पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होतो. आणि जुन्या पट्ट्या घरात ठेवू नका. तुमच्याकडे झालं ते मी दर महिन्याला कुणाकडे तरी पाहतो.

फिजिशियन :
मी रोज असे पेशंट पाहतो. तपासल्याशिवाय डोस सांगणार नाही, पण विचार कसा करतात ते सांगतो.

सगळ्या गोळ्या एका पिशवीत मोजू नका. ग्लिमेपिराइडने शुगर फार खाली जाऊ शकते, म्हणून जेवण कमी होताच ती आधी काढतात. खाणं तुटपुंजं असताना डापाग्लिफ्लोझिनने रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. पाण्याच्या गोळीने शरीर कोरडं पडतं, कारण बायपासचा माणूस एका दमात तांब्याभर पाणी पिऊ शकत नाही. तुमच्या यजमानांना चक्कर आली त्यात ही गोळी होती. म्हणजे त्यांचा राग खरा होता, पण तो सगळ्या गोळ्यांवर निघाला.

टेलमिसार्टनचं वेगळं आहे. मधुमेह्याच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल तर ती मूत्रपिंड जपण्यासाठीही देतात, त्यामुळे नुसता बीपीचा आकडा पाहून ती बंद करायची नसते. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा आणि लिहून ठेवा.

मेटफॉर्मिन थांबू शकते. पण मधुमेह 'रेमिशन'मध्ये आहे असं कधी म्हणतात, तर शुगरची सगळी औषधं थांबवून किमान तीन महिने झाल्यावर एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तेव्हा. तुमचा ५.९ औषध चालू असतानाचा आहे. लोह कमी असेल तर हा आकडा उगाच जास्तही दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सोबत करा. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात वजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रेमिशनमध्ये होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. त्यामुळे वर्षातून एकदा एचबीए१सी, डोळ्याचा पडदा आणि लघवी तपासणं चुकवू नका. शुगर झपाट्याने खाली आली की पडद्याचा आधीचा त्रास काही वेळा वाढतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नऊ वर्षं मधुमेह आणि वडिलांचा असा इतिहास असताना ती वजन उतरलं म्हणून सोडू नये. त्या गोळीचा फायदा जाणवत नाही, म्हणून लोक ती सगळ्यात आधी सोडतात.

मुंग्यांकडे दुर्लक्ष नको. मेटफॉर्मिननेही बी १२ कमी होतं आणि बायपासनेही. आठवड्याच्या आत तपासा. सीपॅप पुन्हा स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी) करूनच बंद होतं. वजन उतरल्यावर मशीनचा दाबही बदलावा लागतो, कदाचित त्यांना ते त्यामुळेच नकोसं झालं असेल.

आणि डॉक्टर एकच धरा, नेहमीचे फिजिशियन. सर्जनच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि सगळी औषधं एका पिशवीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवा.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. बारा दिवसांनी लिहिते आहे.

वरचे प्रतिसाद मी यांना वाचून दाखवले. "त्यांचा राग खरा होता" हे वाक्य ऐकल्यावर हे बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच म्हणाले, चल, पिशवी भर. बी १२ निघालं १४८. हिमोग्लोबिनही थोडं कमी. लघवीत अल्ब्युमिन सुरुवातीच्या पातळीचं. डॉक्टरांनी बी १२ ची इंजेक्शनं आणि सगळी व्हिटॅमिन पुन्हा सुरू केली, टेलमिसार्टन २० वर आणली, रोसुव्हास्टॅटिन चालू ठेवली. मेटफॉर्मिन मात्र त्यांनीही बंदच ठेवली आहे, एप्रिलअखेर पुन्हा एचबीए१सी. म्हणजे एक गोळी खरंच सुटली, आणि यांना त्याचा आनंद आहे. जुन्या पट्ट्या मी काढून टाकल्या. डोळ्यांचे डॉक्टर परवा.

एकच अडलं आहे. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं आणि लोहाबरोबर चहा नको, असं सांगितलं आहे. पण हे पहाटेच घराबाहेर पडतात आणि यार्डात गेल्या गेल्या चहा होतोच. ज्यांचं काम असं पहाटेचं आहे, ते लोह कधी घेतात? आणि कोल्हापुरात घरी मशीन आणून स्लीप स्टडी कुणी करून घेतली आहे का?