लॉक असताना दुसऱ्या मॉनिटरवर पक्षकाराचा अर्ज दिसला. हे कुठे आणि कसं कळवायचं?

टंकनवाली_सीबीएस

नमस्कार मंडळी. नाशिकला जिल्हा न्यायालयाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, हक्कसोडपत्र, भाडेकरार, वकिलांचे मसुदे, असलीच सगळी कामं. दुकानातल्या सगळ्या पीसींवर भाच्याने लिनक्स टाकून दिलंय. इनस्क्रिप्टवर हात बसलेला असल्याने काम कुठे अडत नाही. डिस्ट्रोचं, म्हणजे लिनक्सच्या कोणत्या प्रकाराचं, नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते खाली कळेल.

माझ्या टेबलावर दोन मॉनिटर आहेत. एकाचं तोंड माझ्याकडे, दुसऱ्याचं पक्षकाराकडे. समोरचा माणूस नावातले काना-मात्रा, गट नंबर, वडिलांचं नाव तिथेच तपासतो आणि मग प्रिंट निघते. कागद वाचतो, भांडणं वाचतात. जागेवरून उठले की स्क्रीन लॉक करायची, ही सवय मला इथल्या वकिलांनीच लावली.

परवा दुपारी लाईट गेली. पीसी आणि माझा मॉनिटर यूपीएसवर, पक्षकाराचा मॉनिटर मात्र थेट भिंतीतल्या प्लगवर. स्क्रीन लॉक करून मी झेरॉक्सच्या मशीनपाशी उभी होते. लाईट आली तेव्हा माझ्या मॉनिटरवर पासवर्डची चौकट जशीच्या तशी होती आणि पक्षकाराच्या मॉनिटरवर सकाळी येऊन गेलेल्या बाईंचा पोटगीचा अर्ज उघडा पडला होता. पहिलंच पान, नाव-पत्त्यासकट. समोर निफाडचे एक काका बक्षीसपत्रासाठी बसलेले. "ताई, हे माझं नाही," म्हणाले आणि मान रस्त्याकडे वळवली. भला माणूस निघाला म्हणून. त्या बाईंच्या सासरचं कोणी बसलेलं असतं तर?

दुकान बंद झाल्यावर मुद्दाम करून पाहिलं. स्क्रीन लॉक करून पक्षकाराच्या मॉनिटरचा प्लग काढायचा, परत लावायचा. दर वेळी होत नाही, पण होतं. कर्सर तिकडे सरकतो, क्लिक मात्र लागत नाही. थोड्या वेळाने ते चित्र आपोआप झाकलं जातं.

आता प्रश्न. हा साधा बग धरायचा की सुरक्षेचा? कळवायचा कोणाला? सगळं उघड लिहिलं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या दुकानात कोणीतरी प्लग काढून बघेल, ही भीती आहे. आणि माझं इंग्रजी कोर्टाच्या फॉर्मपुरतंच आहे.

---

सिडको_पेंग्विन

अपडेट मारा आणि रीस्टार्ट करा. लिनक्समध्ये असले प्रकार होत नाहीत, बहुतेक मॉनिटरच गंडलाय. डिस्ट्रो आणि व्हर्जन टाका इथे, लगेच सांगतो.

---

सातपूर_नाईट_शिफ्ट

ताई, नाव लिहिलं नाहीत ते उत्तम केलंत. पेंग्विनभाऊ मागतायत म्हणून आता लिहूही नका. अपडेटचा सल्ला बरोबर आहे, कारण जुन्या आवृत्तीवरचा बग कळवला की पहिलं उत्तर "नव्या आवृत्तीवर पाहा" हेच येतं. पण "लिनक्समध्ये होत नाही" हे काही मला पटत नाही.

जानेवारी २०२१ मधली गोष्ट घ्या. लिनक्स मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपचा लॉक दोन लहान मुलांनी उघडला. एकाने खरा की-बोर्ड बडवला, दुसऱ्याने पडद्यावरचा. वडिलांना आधी योगायोग वाटला, पोरांनी परत करून दाखवलं तेव्हा त्यांनी गिटहब या प्रोग्रामवाल्यांच्या साईटवर कळवलं. खोदकाम झाल्यावर निघालं काय, तर पडद्यावरच्या की-बोर्डवर डोक्यावर आडवी रेघ असलेला रोमन 'e' (ē) दाबला की लिबकॅरिबू नावाची लायब्ररी कोसळायची आणि जाताना लॉकस्क्रीनलाही घेऊन जायची. त्यातही गंमत अशी की हे सुरू झालं एक्सऑर्गमधली (पडद्यावर चित्र काढणारा लिनक्सचा भाग) दुसरीच एक सुरक्षा दुरुस्ती आल्यानंतर. कळवणारे कोणी संशोधक नव्हते, पोरांचे वडील होते. त्यामुळे "मी फक्त टायपिंग करते" हे कारण चालणार नाही!

तुमच्याकडे काय होत असावं याचा अंदाज सांगतो. एक्स११ ही पडद्यावर खिडक्या दाखवायची जुनी व्यवस्था, तिच्यावर लॉकस्क्रीन म्हणजे शेवटी एक खिडकीच असते. सगळ्यांच्या वर बसते आणि की-बोर्ड, माउस आपल्या ताब्यात घेते. दाराला कुलूप न घालता जाड पडदा सोडावा तसा प्रकार. मधेच नवा मॉनिटर आला की त्याच्यासाठी आणखी एक पडदा शिवावा लागतो, आणि तो शिवून होईपर्यंत खालचा डेस्कटॉप दिसू शकतो. क्लिक लागत नाही याचा अर्थ ताबा अजून लॉककडेच आहे, फक्त झाकायला उशीर होतोय. वेलँड या नव्या व्यवस्थेत हे काम स्वतः कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून चित्र बनवणारा प्रोग्राम, सांभाळतो, म्हणून तिथे मुळातच फरक पडतो.

हा सुरक्षेचाच बग. पासवर्ड फुटला नाही, दुरून कोणी घुसलं नाही, म्हणून तीव्रता कमी धरतील, धरू द्या. लॉकचं काम झाकणं, आणि ते झालं नाही.

दोन गोष्टी तपासून सांगा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट'मध्ये एक्स११ लिहिलंय की वेलँड? आणि त्या मॉनिटरची केबल कोणती आहे?

---

टंकनवाली_सीबीएस

एक्स११. केबल डिस्प्लेपोर्टची आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जुनी व्हीजीए केबल शोधून लावली. तिच्यावर कितीही प्लग काढा-लावा, अर्ज काही दिसत नाही! डिस्प्लेपोर्टवर परत दिसला. अपडेट सगळे टाकले, फरक नाही. मॉनिटर बदलूनही पाहिला, पेंग्विनभाऊ.

---

सातपूर_नाईट_शिफ्ट

वा! ताई, अर्धी लढाई इथेच झाली. डिस्प्लेपोर्टवर मॉनिटरची वीज गेली की पुष्कळदा पीसीला वाटतं मॉनिटरच काढून नेला. वीज आली की नवा मॉनिटर जोडल्यासारखी सगळी मांडणी परत होते. व्हीजीएला हे सहसा कळतच नाही. म्हणजे प्लगचा संबंध नाही, लॉक असताना मॉनिटर नव्याने जोडला जाणं हे मूळ. नुसती केबल उपसूनही तेच होतंय का पाहा. झालं, तर कळवताना लाईट, यूपीएस, भिंत यातलं काहीच सांगावं लागणार नाही.

आता कुठे कळवायचं. लॉकस्क्रीन डेस्कटॉपवाल्यांनी बनवलेला असतो, डिस्ट्रोवाले त्यावर आपले पॅच, म्हणजे छोटे बदल, चढवतात. दोष कोणाचा हे तुम्हाला ठरवता येणार नाही आणि ठरवायची गरजही नाही. डिस्ट्रोच्या सिक्युरिटी टीमला कळवा, मूळ प्रकल्पाला ते कळवतील. उबंटूच्या लाँचपॅडवर बग नोंदवताना तो खाजगी सुरक्षा बग म्हणून ठेवायची सोय आहे, मग तो मोजक्या लोकांनाच दिसतो. डेबियनमध्ये रिपोर्टबग या प्रोग्रामने पाठवलेलं सगळं, तुमच्या ईमेलसकट, जगाला दिसतं. म्हणून तिथे सुरक्षेच्या गोष्टींसाठी वेगळा मेल पत्ता ठेवलाय. गिटहबवरच्या पुष्कळ प्रकल्पांत सिक्युरिटी टॅबमध्ये बंद दाराआड कळवायचं बटण असतं. तुमच्या डिस्ट्रोचा नेमका पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

एक अवांतर, पण राहवत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीतला चोरदरवाजा सापडला, तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएचचं (दुरून दुसऱ्या पीसीत शिरायचं साधन) लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं म्हणून. त्याने आधी डेबियनच्या सुरक्षा टीमला कळवलं, मग डिस्ट्रोंच्या सुरक्षावाल्यांच्या बंद मेल-यादीला, आणि २९ मार्चला सगळं उघड केलं. एक्सझेडच्या मूळ प्रकल्पाला मात्र त्याने कळवलंच नाही, कारण घाण तिथूनच आलेली दिसत होती! कोणाला सांगायचं याचाही असा विचार करावा लागतो. तुमच्या बाबतीत असलं काही नाही, निर्धास्त राहा.

आणि मसुदा आधी मराठीतच लिहा. दिवसभर दुसऱ्यांचे मसुदे करता, हा स्वतःचा करा.

---

पंचवटी_घाट

धागा वाचतोय. मधेच घुसतो, माफी. हे सुरक्षेचं नाही, पण माझ्याकडे लिब्रेऑफिसमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात. पत्रिका छापायच्या आहेत. हाही बग कळवू का?

---

सातपूर_नाईट_शिफ्ट

बग नसावा. मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा, बहुतेक हिंदी लागलेली असेल. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाची अक्षरं दिलेली आहेत, तो भाषा बघून ती वापरतो. नाही जमलं तर वेगळा धागा काढा. तो बिनधास्त उघड लिहा, 'ल'मुळे कोणाची फारकत चव्हाट्यावर येत नाही.

---

टंकनवाली_सीबीएस

केबल उपसूनही होतंय. हा मसुदा, डिस्ट्रोचं नाव गाळून:

"माझ्या दुकानात लाईट गेल्यावर कधी कधी लॉक असूनही दुसऱ्या मॉनिटरवर थोडा वेळ सगळं दिसतं. हे फार गंभीर आहे. माझ्याकडे लोकांची खाजगी कागदपत्रं असतात. कृपया त्वरित दुरुस्त करावं. सोबत आजचा पूर्ण लॉग आणि स्क्रीनचा फोटो जोडला आहे."

---

सातपूर_नाईट_शिफ्ट

अर्ज म्हणून झकास, बग म्हणून कच्चा. तुम्ही वकिलांच्या मसुद्यावर लाल पेन चालवत असाल तसं चालवतो, राग मानू नका.

"दुकानात लाईट गेल्यावर" काढा. त्या जागी: दोन मॉनिटर, दुसरा डिस्प्लेपोर्टवर, एक्स११, स्क्रीन लॉक करा, दुसऱ्याची केबल काढा, परत लावा. एका ओळीत एकच कृती. वाचणारा कुठल्या देशात बसलाय कोण जाणे, त्याला त्याच्या टेबलावर हे करता आलं पाहिजे.

"कधी कधी" काढा. दहादा करा आणि किती वेळा दिसलं ते लिहा. "थोडा वेळ" म्हणजे किती सेकंद? मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात वेळ मोजता येतो आणि इंग्रजीची निम्मी गरज तिथेच संपते.

"फार गंभीर" आणि "त्वरित" काढा. त्याऐवजी काय अपेक्षित होतं आणि काय झालं, ही दोन वाक्यं. व्हीजीएवर होत नाही हे मात्र नक्की लिहा. दुरुस्त करणाऱ्याला त्या एका ओळीचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. लॉकस्क्रीनच्या पॅकेजची नेमकी आवृत्तीही हवी, कमांड व्यनित आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पूर्ण लॉग आणि तो फोटो अजिबात जोडू नका! फोटोत त्या बाईंचा अर्ज असेल. पीसीवर नवा युजर करा, त्यात "अबक विरुद्ध कखग" असा खोटा कागद उघडा ठेवा आणि व्हिडिओ त्याचाच घ्या. लॉगमध्ये, म्हणजे पीसी आपोआप ठेवतो त्या नोंदींत, युजरचं नाव, पीसीचं नाव, वायफायचं नाव, कधी कधी उघडलेल्या फाइलचं नावही असतं, आणि तुमच्या फाइलींची नावं तर पक्षकारांच्या आडनावांवरूनच असणार. त्या नव्या युजरमधून बग घडवा आणि त्या पाच मिनिटांपुरताच लॉग काढा. काढला तरी नजरेखालून घालून मगच पाठवा. यंत्राची माहिती द्यायला इनक्सी ही कमांड वापराल तर -z हा पर्याय लावा, तो मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा क्रमांक) आणि सिरियल नंबर झाकतो.

---

सिडको_पेंग्विन

मॉनिटरचं मी उगाच बोललो, मान्य. पण एक विचारतो. बंद दाराआड कळवलं आणि त्यांनी वर्षभर काहीच केलं नाही तर? लोकांना कळायलाच नको का?

---

सातपूर_नाईट_शिफ्ट

रास्त प्रश्न. म्हणून मुदत घालायची पद्धत आहे. गूगलची प्रोजेक्ट झिरो ही बग शोधणारी टीम नव्वद दिवस देते. डिस्ट्रोंच्या बंद यादीवर तर चौदा दिवसांपेक्षा जास्त गुपित ठेवता येत नाही. ताईंनी पत्रातच लिहावं की नव्वद दिवसांनी मी हे उघड लिहीन. धमकीचा सूर नको, नुसती तारीख. उशीर होण्याचं कारण बहुधा आळस नसतं. लॉकस्क्रीनसारखी कितीतरी पॅकेजेस एखाद-दोन माणसं नोकरी सांभाळून चालवतात. पोलकिट या लिनक्समधल्या परवानग्या सांभाळणाऱ्या भागातला पीकेएक्झेकचा बग २००९ पासून पडून होता आणि जानेवारी २०२२ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केला. त्याच्यावर कोणत्याही साध्या युजरला रूट, म्हणजे पीसीचा सर्वाधिकारी, होता येत होतं. इतकी वर्षं कोणी दडवून ठेवला असं नाही, तिकडे फारसं कोणी खोलात बघितलं नाही.

ताई, दुरुस्ती येईपर्यंत तो मॉनिटर यूपीएसवर घ्या. पण केबल उपसली तर यूपीएस काय करणार? म्हणून पक्षकार गेला की त्याची फाइल बंद करायची, लॉकच्या भरवशावर उघडी ठेवायची नाही. किंवा व्हीजीएच चालू द्या, अक्षर जरा पुसट दिसेल इतकंच.

---

टंकनवाली_सीबीएस

पाठवलं. भाच्याने इंग्रजी तपासलं, त्याने घुसडलेला एक "अर्जंटली" मी काढून टाकला. आधी नुसती पोच आली. आज सकाळी सिक्युरिटी टीममधल्या एकांचा मेल आला. त्यांच्याकडेही तसंच घडलं, पण डिस्प्लेपोर्टच्या आधी त्यांनी एचडीएमआयवर करून पाहिलं आणि तिथेही दिसलं. ग्राफिक्स कार्ड कोणतं ते विचारलंय आणि व्हिडिओबद्दल आभार मानलेत. पुढची माहिती त्याच मेलवर देतेय.

यूपीएसवर आता दोन्ही मॉनिटर आहेत, बॅकअप पार कमी झालाय, नवी बॅटरी बघावी लागेल. शालिमारकडे कोणी नीट भावात देणारा माहीत असेल तर व्यनि करा. बगचं यापुढचं काहीही दुरुस्ती आल्याशिवाय इथे लिहिणार नाही, विचारू नका.