चार रॅम स्टिक ३२०० च्या वेगावर टिकत नाहीत, मदत हवी आहे

रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, डब्यातलाच कूलर. ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक एक्सएमपी (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) लावून ३२०० वर दोन वर्षं निमूट चालल्या. गेल्या आठवड्यात त्याच मॉडेलच्या आणखी दोन घातल्या आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) दुसऱ्याच फेरीत लाल, म्हणजे चुका!

नव्या दोन एकट्या लावल्या तर चारही फेऱ्या स्वच्छ. बायॉस ताजं आहे. २९३३ वर चारही नीट चालतात. प्रोसेसर स्टॉकवर (कंपनीच्याच सेटिंगवर), पीबीओ (आपोआप वेग वाढवणारी सोय) बंद, म्हणजे तिकडचा घोळ नसावा. रॅम व्होल्टेज १.३५, त्याला हात लावायचा धीर होत नाही. १६ जीबीच्या दोन स्टिकचा नवा संच घ्या म्हणू नका, बजेट संपलंय.

आता आधी काय करू: एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं) १.१ पर्यंत नेऊ, टायमिंग (रॅमच्या प्रतिसादाचा विलंब) सैल करू, की रॅम व्होल्टेज १.३८ वर? की २९३३ वरच गप्प बसू, रोजच्या कामात फरक जाणवतो का?