शेवटचं व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) बंद केलं की ब्रिजचा आयपी पत्ता जातो

प्रश्न: लिनक्सवर बीआर० हा ब्रिज (आभासी नेटवर्क स्विच) फक्त व्हीएमसाठी आहे, प्रत्यक्ष कार्ड जोडलेलं नाही. पत्ता १०.१०.०.१/२४, सिस्टमडी-नेटवर्कडीने (नेटवर्क सांभाळणाऱ्या सेवेने) दिलेला. शेवटचं व्हीएम बंद केलं की स्टेट डाऊन होते आणि पत्ता जातो. आयपी कमांडच्या आउटपुटमध्ये कंसातल्या फ्लॅगमध्ये मात्र 'अप' दिसतंच, शेजारी 'नो-कॅरिअर' (म्हणजे चालू जोडणीचा संकेत नाही). हे काय गौडबंगाल?

उत्तर १: 'अप' म्हणजे तुम्ही इंटरफेस चालू ठेवलाय, एवढंच. व्हीएम बंद होताच त्याचा टॅप (व्हीएमला ब्रिजशी जोडणारा आभासी इंटरफेस) नाहीसा होतो. एकही चालू पोर्ट उरला नाही की कर्नल ब्रिजचा कॅरिअर काढतो, मग नेटवर्कडी पत्ता काढतो. जर्नलमध्ये (सिस्टमच्या लॉगमध्ये) 'लॉस्ट कॅरिअर' ही ओळ सापडेल. ब्रिजच्या डॉट-नेटवर्क फाइलमध्ये (नेटवर्कडीच्या सेटिंग फाइलमध्ये), नेटवर्क विभागात, 'कॉन्फिगर-विदाउट-कॅरिअर' (जोडून, हायफनशिवाय) 'यस' करा आणि नेटवर्कसीटीएल रीलोड ही कमांड चालवा. कॅरिअर गेला तरी पत्ता राखणं त्यातच येतं, वेगळी ओळ नको.

उत्तर २: यानंतरही 'नो-कॅरिअर' दिसेल, ते ठीकच. एखाद्या प्रोग्रामला कॅरिअर हवाच असेल तर डमी इंटरफेस (नावापुरता आभासी इंटरफेस) ब्रिजला जोडा. तो अप करायला मात्र विसरू नका, डाऊन पोर्ट धरला जात नाही.

प्रश्नकर्ता: ती एक ओळ पुरली. व्हीएम तीनदा बंद-चालू केलं, पत्ता जागेवर आहे. आभार!